मामा मागायला बहरीनला

दापोलीला परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, बहरीनला काय बघितलंत, काय खाल्लंत, तिथे करमणुकीला काय असतं. शिवणाच्या वर्गात हातात कात्री आणि तोंडात टाचण्या धरून मी हे सतरांदा सांगितलं. परवा सांगता सांगता एका मुलीच्या ब्लाउजचा गळा नको तितका खोल कापला गेला. म्हणून आता एकदाच लिहून ठेवते. पण मी तिथे कशाला कडमडले ते आधी सांगायला हवं.

माझ्या मीनाचं लग्न वैशाखात ठरलं. आमच्याकडे नवरीला मांडवात आणतो तो मामा, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामाच. मला भाऊ एकच, दिनू. तो बहरीनला एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर. तीन वर्षं घरी आला नव्हता. प्रत्येक पत्रात मी विचारायचे, रजेचं काय झालं, आणि प्रत्येक पत्रात त्याचं उत्तर यायचं, "अरबाब इंशाल्ला म्हणतो." अरबाब म्हणजे मालक, आणि इंशाल्ला म्हणजे देवाची इच्छा असेल तर. आमचे हे म्हणाले, आपल्या कचेरीत ह्यालाच 'उद्या या' म्हणतात.

शेजारच्या काकूंनी सुचवलं की कुणीतरी मानलेला मामा उभा करा. मी म्हटलं, मामा म्हणजे काय शेजारून आणायचं पातेलं आहे? तेवढ्यात दिनूचं पत्र आलं. "अक्का, आता मामालाच विचारायला हवं. मामा हो म्हणाली तर काम झालं." हे वाचून मी चक्रावलेच. अरे, मामा तूच. आणि मामा 'म्हणाली' कसली? तीन वर्षांत पोरगा मराठी विसरला असं धरून मी ठरवलं, आता आपणच जाऊन त्याला कानाला धरून आणायचं.

माझी धाकटी नणंद कुंदा तिथे असते. तिचे यजमान अरविंदराव बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी व्हिसा पाठवला, तिकीट पाठवलं, आणि सोबत दोन पानी सूचना पाठवल्या. त्यातली पहिली सूचना होती, "वहिनी, लोणचं आणू नका." मी दोन बरण्या नेल्या.

गुदैबिया

कुंदाचं घर मनामा शहरात, गुदैबिया नावाच्या भागात. समुद्र ओलांडून, विमानात दोनदा रामरक्षा म्हणून मी खाली उतरले, तर कुंदाच्या जिन्याखाली उडप्याचं हॉटेल. शेजारी किराणा, त्यात कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा आणि आपल्याच छापाचं हिंग. समोरच्या गॅलरीत एक लुंगीवाला दात घासत उभा. मला वाटलं, विमान फिरून परत मुंबईलाच आलं.

जाणाऱ्यांना माझं सांगणं असं की तिथे जाऊन इडली खाऊ नका. सकाळी उठून इराण्याच्या भट्टीवर जा. तो कणकेचा गोळा उशीवर थापतो आणि भट्टीच्या भिंतीवर मारतो, आणि सुपाएवढी रोटी बाहेर येते. ती गरम गरम वर्तमानपत्रात धरून घरी आणायची. घरी येईपर्यंत अर्धीच राहते, त्याला इलाज नाही. तिला लावायला महयावा नावाचं एक पातळ खारं मिळतं, मासळी मुरवून केलेलं. अरविंदराव म्हणाले, "वहिनी, मी सात वर्षं इथे आहे, तो वास तुम्हाला झेपायचा नाही." मी सुकटीच्या वाळवणात वाढलेली बाई. तीन दिवसांत मी अर्धी बाटली संपवली, आणि वास अरविंदरावांनाच झेपला नाही.

मासळीबाजार मात्र चुकवू नका. हामूर नावाचा एक दांडगा मासा असतो. मी त्याचा कल्ला उघडून बघितला, पोट दाबलं, डोळ्यात डोळे घालून पाहिलं. विकणारा म्हणाला, "मादाम, ताजा है." मी म्हटलं, कालचा आहे. तो म्हणाला, अल्लाशपथ आजचा. मी म्हटलं, मग काल संध्याकाळपासून आजारी असेल. शेवटी त्यानं खालच्या पाटीतला दुसरा काढून दिला आणि कुंदाला विचारलं, ही बाई किती दिवस राहणार आहे.

तिथल्या भातात एक काळं वाळकं लिंबू अख्खं टाकतात. मी ते कुजलं म्हणून हळूच उचलून केरात टाकलं. कुंदाने दुसरं टाकलं, तेही मी काढलं. तिसऱ्या वेळी तिने मला स्वयंपाकघरातून बाहेर घालवलं. नंतर खाल्ल्यावर कळलं, सगळी चव त्या काळ्या लिंबातच होती. आपल्या आमसुलाकडे बघून कुणी पहिल्यांदा काय म्हणत असेल, ते मला तेव्हा समजलं.

दिनू

शुक्रवारी दिनू आला. एवढी लांब गाडी घेऊन आला की ती गल्लीत वळेना. तो सुटला होता, डोक्यावरचे केस कमी झाले होते, आणि प्रत्येक वाक्याला "खलास" नाहीतर "यल्ला", म्हणजे 'चला', चालू होतं. पाया पडायला वाकला तेव्हा मी त्याचा कान धरायचं ठरवलं होतं, पण हातच उचलेना. मग दोघंही जिन्यात उभं राहून रडलो, आणि वरून अरविंदराव सांगत होते की इथे गाडी लावायला बंदी आहे.

चहा पिताना मी पहिला प्रश्न विचारला, ही मामा कोण? तेव्हा कोडं सुटलं. तिथे घरच्या नोकरमाणसांनी मालकिणीला मामा म्हणायचं, अशी पद्धत. मालकाची म्हातारी आई ही मोठी मामा. घर, दुकान, मालक आणि मालकाची मिशी, सगळं तिच्या ताब्यात. रजेचं तिला विचारलंस का, तर नाही म्हणाला. तीन वर्षांत एकदाही नाही. मी म्हटलं, एका बाईला इतका घाबरलास? तर म्हणाला, "अक्का, तिला मालकपण घाबरतो. ती नाही म्हणाली तर मग इंशाल्लापण मफी." मफी म्हणजे नाही, संपलं. इंशाल्लात निदान आशा असते, ती त्याला घालवायची नव्हती. इतकं केविलवाणं गणित मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, मी विचारते. लग्नाला आता सात आठवडे राहिलेत, मला घाबरायला वेळ नाही. माझी बहीण तुम्हाला भेटायला येते आहे, एवढाच निरोप तू दे. भेट मंगळवारी ठरली.

झाड

मधल्या दिवसांत करमणूक म्हणून अरविंदरावांनी मला झाड दाखवायला नेलं. मी विचारलं, कसलं झाड? म्हणाले, झाड. म्हणजे वाळवंटात एकच झाड आहे, आणि सगळे ते बघायला जातात. मी दापोलीची. आमच्या न्हाणीमागे फणस, दारात सतरा नारळ, आणि शेजाऱ्याच्या आंब्यावरून तर कोर्टात केस चालू आहे. पण पाहुण्याने नाही म्हणू नये.

वाटेत तेलाच्या नळांची जाळी, मग सखीरकडची उघडी जमीन. तिथे थंडी संपत आली तरी लोक तंबू ठोकून राहिले होते. बंगले सोडून हौसेनं वाळूत झोपतात. आम्हीही वाळूत चादर घालून पुरी-भाजी काढली. वारा सुटला आणि भाजीत इतकी वाळू गेली की खाताना दातांखाली वाजायला लागली. मग झाड आलं. खरंच एकच होतं. आजूबाजूला ना विहीर, ना ओल, आणि ते आपलं हिरवंगार पसरून उभं. अरविंदराव म्हणाले, याला पाणी कुठून मिळतं ते कुणालाच कळलेलं नाही. मी जवळ गेले, खोडावर हात ठेवला, आणि का कोण जाणे, दिनूचीच आठवण आली. मग मी त्याच्या बुंध्याशी आपल्या तांब्यातलं पाणी ओतलं. अरविंदराव म्हणाले, वहिनी, आपल्याला प्यायला एवढंच होतं. परतीचे सगळे मैल आम्ही तहानलेले आलो.

मालकिणीची कॉफी

आता प्यायचं सांगते, आणि हे नीट वाचा. सोमवारी कुंदाच्या घरमालकिणीनं आम्हाला कॉफीला बोलावलं. जाताना अरविंदराव म्हणाले, "वहिनी, मी सात वर्षं इथे आहे. अरबाच्या घरी कशालाच नाही म्हणायचं नसतं."

तिथली कॉफी कानाच्या कपात देत नाहीत. फिनजान म्हणून अगदी एवढासा पेला असतो, आपल्या पळीएवढा. त्यात घोटभर पिवळसर कॉफी, साखर शून्य, वेलची मात्र भरपूर. मी एका घोटात संपवली. मालकीण चोचीच्या किटलीतून पुन्हा ओतून मोकळी. तीही प्यायले. पुन्हा ओतली. मी मनात म्हटलं, आग्रह करायला आपल्याच वळणाची आहे ही बाई. कुंदा मात्र एक पेला पिऊन, तो हातात जरा डावी-उजवीकडे हलवून परत देऊन बसली होती. मला वाटलं, तळाशी साखर सापडते का बघत असेल, आपण चहाचा कप फिरवतो तशी. मी काही कप फिरवला नाही. साखर नाहीच, तर फिरवून काय मिळणार?

अकरा पेले झाले. बाराव्याला मालकिणीची किटली संपली आणि ती माझ्याकडे आदरानं बघायला लागली. जिन्यात आल्यावर कुंदा म्हणाली, "वहिनी, पुरे असेल तर पेला हलवायचा असतो." मी म्हटलं, मग आधी का नाही बोललीस? तर म्हणाली, मला वाटलं, तुम्हाला फार आवडली.

त्यानंतर माझी छाती धडधडायला लागली, ती दुसऱ्या दिवसापर्यंत थांबली नाही. पित्त खवळलं. वेलचीचा वास आला तरी ढवळत होतं. आणि त्याच दिवशी मोठ्या मामाकडे जायचं. मी अरविंदरावांना म्हटलं, आज मी एक घोटही घेऊ शकत नाही, काय करू? ते म्हणाले, "सोपं आहे. पेला घ्यायचा आणि न पिता समोर खाली ठेवून द्यायचा. त्यांना काही वाटत नाही. मी सात वर्षं इथे आहे."

मोठी मामा

दिनूने मला गाडीतून दारापर्यंत सोडलं आणि स्वतः गाडीपाशी उभा राहिला. त्याच्या हातातलं फडकं बघितलं मी. एकच काच तो सारखी पुसत होता. बायकांच्या दिवाणखान्यात त्याला येता येत नव्हतं, म्हणजे आत मी एकटी, आणि माझं हिंदी.

मोठी मामा गालिच्यावर लोडाला टेकून बसली होती. सत्तरीची, हात मेंदीनं लाल, नजर आमच्या शिवणपरीक्षेच्या बाईंसारखी, उसवलेलं लगेच दिसणारी. मी नमस्कार केला आणि आंबापोळीची पुडी पुढे ठेवली. तिने तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चघळला, आणि डोळे मिटून म्हणाली, "बंबई." तिचे वडील मोत्यांचे व्यापारी. लहानपणी ती काही वर्षं मुंबईला राहिलेली. तिचं हिंदी माझ्याहून बरं होतं.

मग कॉफी आली. वेलचीचा वास आलाच. मी पेला घेतला, अरविंदरावांचं नाव घेतलं, आणि तो न पिता अलगद गालिच्यावर ठेवला.

किटलीवाली बाई जागच्या जागी थांबली. कोपऱ्यात बसलेल्या तिच्या सुना माझ्या पेल्याकडे बघायला लागल्या. मोठी मामा सावरून बसली आणि म्हणाली, "बोलो. क्या मांगता है?"

मी मनात म्हटलं, चला, बरं झालं, बाईला कळलं आपल्याला कॉफी चालत नाही. मग मोठ्याने म्हणाले, "चाय चलेगा."

ती म्हणाली, "चाय मिलेगा. लेकिन चाय के वास्ते कोई फिनजान नीचे नहीं रखता." आणि मग तिने समजावून सांगितलं. त्यांच्यात जो पाहुणा कॉफी न पिता पेला खाली ठेवतो, तो काहीतरी मागायला आलेला असतो. यजमानाने विचारायचं, पाहुण्याने मागायचं, आणि हो म्हटलं की मग प्यायचं. पाहुणा न पिता उठून गेला, तर त्या घराची अब्रू गेली.

तीन वर्षांची रजा मी एका चहावर घालवत होते. घाईघाईनं म्हटलं, "चाय नहीं. मुझे मामा चाहिए."

तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मैं?"

"हां. मेरी लड़की का शादी है. मामा नहीं तो शादी कैसा होगा? मामा को लड़की के पीछे खड़ा रहना पड़ता है."

सुनांची कुजबुज झाली. मोठ्या मामाने मात्र 'बोलो' म्हणून शब्द दिलेला. ती विचारात पडली. तुमचं गाव बंबईहून किती लांब, असं विचारलं. मी म्हटलं, एसटीने एक दिवस. मग आपल्या गुडघ्यांवर हात फिरवून म्हणाली, "खड़ा रहना मुश्किल है. कुर्सी मिलेगा?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की ही बाई दापोलीला यायला निघाली. मी दोन्ही हात हलवले. तुम नहीं, दिनू मामा. माँ का भाई. ती जोरात म्हणाली, "खाल!" त्यांच्यात मामाला खाल म्हणतात. मग सगळ्या सुना हसायला लागल्या, किटलीवालीही हसली, आणि मीही हसता हसता डोळे पुसायला लागले, कारण हसू कुठे संपलं ते मला कळलं नाही. म्हटलं, एकच भाऊ आहे हो. तीन वर्षं तो इंशाल्ला ऐकतो आहे.

मोठी मामा हसायची थांबली. तिचा मामा नाखवा, म्हणजे होडीचा मुख्य, होता. आमच्या हर्णै बंदरात म्हणतात जवळजवळ तोच शब्द, तिच्या तोंडून ऐकून मला परकं वाटेनासं झालं. तिचं लग्न झालं तेव्हा मोत्यांचा हंगाम होता आणि मामा समुद्रावर. "सब लोग थे," ती म्हणाली. "मैं दरवाजे को देखती रही."

तिने मुलाला बोलावणं पाठवलं. एवढा मोठा व्यापारी दारात येऊन शाळेतल्यासारखा उभा राहिला. आईचं बोलणं ऐकून म्हणाला, "इंशाल्ला." ती अरबीत काहीतरी बोलली आणि त्याची मान खाली गेली. मग मला कळावं म्हणून तिने तेच हिंदीत सांगितलं: "मैं बोली, अल्ला तो चाहता है. तू चाहता है क्या?"

दिवसांची घासाघीस झाली. मी दोन महिने म्हटलं. तिने विचारलं, पाठीमागे उभं किती वेळ राहायचं असतं? मी खोटं कशाला बोलू, म्हटलं दहा मिनिटं. दहा मिनिटांसाठी दोन महिने? मी म्हटलं, लांबून येतो ना. सव्वा महिन्यावर सौदा पटला. "अब पियो," ती म्हणाली.

मी पित्त, धडधड सगळं विसरून प्यायले. आणि आनंदाच्या भरात पेला हलवायचंही विसरले. आणखी पाच झाले.

बाहेर आले तर दिनू अजून तीच काच पुसत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, विचारायचं धाडस होईना. मी म्हटलं, "यल्ला." घरी अरविंदरावांना सगळं सांगितलं तर म्हणाले, मी सांगितलं होतं ना, खाली ठेवून द्या म्हणून.

दापोली

वैशाखात दिनू मीनाच्या पाठीशी उभा राहिला. मंगलाष्टकं चालू असताना माझ्याहून जास्त तोच रडला, आणि त्याला रुमाल द्यायला नवरीला मागे वळावं लागलं. पत्रात मी मोठ्या मामाला कळवलं की दहा नाही, चांगली पंचवीस मिनिटं उभा होता.

सव्वा महिना काय, बघता बघता सरला. तो निघाला त्या सकाळी मी चहा करून दिला. त्याने कप हातात घेतला, तोंडाशी नेला, आणि न पिता खाली पाटावर ठेवला. मनात म्हटलं, हा 'मला नको पाठवू' म्हणाला, तर मी काय देणार आहे?

"माग," मी म्हटलं.

त्याने कपाच्या कानावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "साखर विसरलीस, अक्का."

मी साखर आणायला आत गेले आणि जरा उशिरानेच बाहेर आले. त्याने चहा संपवला आणि रिकामा कप माझ्यापुढे धरला. मी आणखी ओतला. तोही संपला. स्टँडवर एसटी लागायची वेळ झाली होती, हे दोनदा हाका मारून गेले. दिनूने काही कप हलवला नाही, आणि मी ओतत राहिले.